फ्रीझरचा खालचा कप्पा

रोडेलने हॅलिबटचे तुकडे शेजारी वाटून टाकले,
कप्पा रिकामा केला.
तळाचा बर्फ मी भातवाढीने खरवडला.
खवल्याचा एक चंदेरी ठिपका तेवढा निघेना.
राहू दे म्हटलं. कोडियाकमध्ये
कशाला म्हणून माशाचा वास नाही?

सोमवारी पोलॉकच्या बोटी धक्क्याला लागतील.
मंगळवारी पहाटे पाचला मी पट्ट्यापाशी उभी:
रबरी बूट, एप्रन, सुरी,
मिनिटाला तीस मासे.
आणि घरात आठ आठवड्यांची सिनाग,
तिला अजून मंगळवार माहीत नाही.

मशीन नणंदेचं, नळ्या नव्या.
पहिल्या दिवशी दोन्ही बाजू मिळून
बाटलीचा तळ जेमतेम ओला.
सासूने गोठवलेला शेवग्याचा पाला सोडून
कोंबडीचं सार उकळत ठेवलं.
म्हणाली, बघत बसू नकोस त्याच्याकडे,
बघितलं की दूध लाजतं.
मग मी सिनागचे पायमोजे
बाटल्यांना घातले.

मशीन आपलं बोलत राहिलं:
उद्या जा, उद्या जा, उद्या जा.
पान्हा त्याचं ऐकेना.
तेवढ्यात कॅनरीच्या पत्र्यावर
एक सीगल ओरडला,
भुकेलं पोर रडतं तसा, तंतोतंत तसा,
आणि छातीत सुया टोचून
दोन्हीकडून धार लागली.
फसलीस गं बाई, म्हटलं स्वतःला.
मोजा काढून बघितलं:
साडेतीन औंस.
फसून आलेलं दूधही दूधच.

पिशव्यांवर लिहायला
कारखान्यातलाच मार्कर आणला होता.
तारीख, वजन. सात वर्षं हेच लिहितेय
खोक्यांवर.
फक्त इथे जात लिहायची नाही,
आणि कुठल्या समुद्रातून आलं तेही नाही.
पिशव्या आडव्या निजवल्या,
पातळ, एकावर एक. गोठल्यावर
त्या थेट माशाच्या कापांसारख्या दिसायला लागल्या.
अकरा झाल्या. अकरा पिशव्या म्हणजे
दोन दिवस, फार तर.

शुक्रवारी डार्लाने जागा दाखवली:
हातमोज्यांची कोठी, एक स्टूल, एक बल्ब.
दाराला कडी नव्हती.
मी काही बोलायच्या आत
ती ड्रिल घेऊन आली.
माझ्या थोरल्याच्या वेळी, ती म्हणाली,
अख्ख्या मोसमाचं दूध मी संडासात उभं राहून
बेसिनमध्ये पिळलंय,
वरून पाण्याचा नळ सोडून, कुणाला कळू नये म्हणून.
स्क्रू दातात धरल्यामुळे
ती हे फार हळू बोलली.
कडी बसली.
तिने दोनदा लावून बघितली, आतून.

शनिवारी रात्री तालीम.
मी घरात असले की सिनाग बाटलीकडे तोंड फिरवते,
तिला माझा वास लागतो.
म्हणून मी बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसले,
इंजिन बंद, काचेवर बर्फ.
ती रडली.
भिंत, अंगण, ट्रकची काच ओलांडून
ते नेमकं माझ्यापर्यंत आलं.
जाकिटाचा पुढचा भाग भिजला,
मग गार पडला.
हे कुठल्या पिशवीत धरायचं,
ह्यावर कुठली तारीख घालायची?

दाराच्या मुठीवर हात होता माझा.
मग घर एकदम गप्प झालं.

इतका वेळ मी तेच मागत होते,
आणि मिळालं तेव्हा
मला कुणी हाक मारली नाही ह्याचंच
वाईट वाटलं.

बऱ्याच वेळाने रोडेल खिडकीत आला.
पोर खांद्यावर, मान टाकून निजलेली,
आणि दुसऱ्या हातात रिकामी बाटली
त्याने उंच धरली,
बोटीवर पहिला मासा लागला की धरतात तशी.

मी काच पुसून दोन बोटं दाखवली.
त्याने मान हलवली.
बाटली बगलेत धरून
तीन.